न तापलेली पट्टी

महादेवीअक्कांची थायरॉइडची गोळी मी बंद करवली. तसं करायला मला कुणी सांगितलं नव्हतं. उलट आमच्या केंद्रात आठवड्यातून दोनदा येणाऱ्या डॉक्टरांची सक्त ताकीद होती की, पेशंटच्या चालू गोळ्यांना हात लावायचा नाही, ते तुमचं काम नाही. तरीही मी ते केलं. हेतू चांगला होता आणि त्यात थोडी ऐट होती. हेतूबद्दल लिहितोय ते सुटका करून घ्यायला नाही. कारण दोन्हींपैकी ऐटीनंच जास्त काम केलं, हे मला आज कळतं. त्यानंतर मी आणखी एक गोष्ट केली. ती या गोळीपेक्षा वाईट होती. पण ती सांगण्याआधी आमच्या कामाबद्दल थोडं सांगावं लागेल.

सोलापुरातल्या एका छोट्या निसर्गोपचार केंद्रात मी बावीस वर्षं पाण्याचे उपचार देतो आहे. एक वर्षाचा अभ्यासक्रम केला आणि इथे चिकटलो. आमच्या गावात पाणी काही दिवसांआड येतं. पाण्याच्या दिवशी अख्खी गल्ली पिंपं, घागरी आणि बादल्या घेऊन उभी असते, आणि अशा गावात मी लोकांना पाण्यानं भरलेल्या टबात बसवतो. पहिल्या वर्षी आमच्या शेजारचे मामा भिंतीवरून म्हणाले होते, "आमाला प्यायला पानी न्हाय, आन् तुमी लोकांची बुडं भिजवताय व्हय?" त्या दिवसापासून टबातलं पाणी मी मागच्या लिंबाच्या झाडांना सोडतो आणि लिंबं मामांकडे पाठवतो. मामा आता काही बोलत नाहीत.

बुडं भिजवतो हे मात्र खरं आहे. त्याला आम्ही कटिस्नान म्हणतो. आरामखुर्चीसारखा टब असतो. पाय बाहेर कोरडे ठेवायचे, कंबर आणि पोट थंड पाण्यात, आणि ओल्या फडक्यानं ओटीपोट हळूहळू चोळायचं. दहा-पंधरा मिनिटं पुरतात. एक निवृत्त हवालदार बद्धकोष्ठासाठी यायचे. पहिल्या दिवशी पाणी लागल्याबरोबर त्यांनी नोकरीत शिकलेले सगळे शब्द एका दमात वापरले. आठव्या दिवशी टबातच घोरायला लागले. पुढे त्यांनी पोलीस लाइनीत माझी शिफारस केली, ती इतक्या स्पष्ट शब्दांत की इथे लिहिता येणार नाही. दुसरे एक चादरींचे व्यापारी मोबाइलवर काहीतरी बघून रिक्षातून बर्फाची अख्खी लादी घेऊन आले होते, पोत्यात गुंडाळून. पोट कमी करायचं होतं. टबात एक पाय घातला आणि दुकानातलं महत्त्वाचं काम आठवून गेले. तो बर्फ आम्ही सगळ्यांनी मिळून सरबतात संपवला.

थंड पाण्यानं आराम पडतो हे मी रोज बघतो. दिवसभर यंत्रमागापाशी उभं राहिलेल्या माणसाचे पाय हलके होतात. उन्हानं दुखणारं डोकं उतरतं, झोप लागते. याचा मला अभिमान आहे आणि तो मी सोडणार नाही. पण आराम पडला म्हणजे आजार गेला असं नाही, हे कळायला मला एक चांगली बाई आजारी पाडावी लागली.

आता गळ्याची पट्टी. सुती फडकं माठातल्या पाण्यात बुडवायचं, थेंब गळणार नाही इतकं पिळायचं आणि गळ्याभोवती दोन वेढे द्यायचे. त्यावर कोरडी लोकरीची पट्टी, कुठे फट न ठेवता. आधी गार लागतं. मग अंगाच्या उष्णतेनं आतलं फडकं तापायला लागतं, आणि तोच खरा उपचार असतो. अर्ध्या-पाऊण तासानं पट्टी काढताना मी हाताची मागची बाजू आतल्या फडक्याला लावून बघतो. फडकं कोमट लागलं पाहिजे. ते गारच निघालं, तर त्या माणसाच्या अंगात द्यायला उष्णता नाही असं समजायचं. थंड उपचार तिथेच थांबवायचा, पांघरूण घालायचं आणि पाय गरम पाण्यात सोडायला लावायचे. हे पहिल्या महिन्यात शिकवतात. झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन.

या लोकरीच्या पट्ट्या आम्हाला महादेवीअक्का शिवून देत. माहेर अक्कलकोटकडचं, घरात कन्नड, बाहेर मराठी. नवरा शिवानंद चिंचोळी एमआयडीसीत कामाला. अक्का टॉवेलच्या कडा शिवायच्या, आणि त्यांची शिलाई इतकी सरळ असे की पट्टीवर बोट ठेवून रेघ ओढावी. वयानं त्या माझ्याएवढ्याच, पण सगळं केंद्र त्यांना अक्काच म्हणे. एकदा पट्ट्या द्यायला आल्या तेव्हा डोकं फार दुखतंय म्हणाल्या. मी पाय गरम पाण्यात सोडायला लावले आणि कपाळावर थंड घडी ठेवली. वीस मिनिटांत डोकं दुखायचं थांबलं.

"तुमच्या हाताला गुण हाय, डॉक्टर," त्या म्हणाल्या.

मी डॉक्टर नाही. ते तेव्हाच सांगायला हवं होतं. मी हसलो आणि घडी पिळत राहिलो.

मग त्यांनी पिशवीतून गोळ्यांची डबी काढली. थायरॉइड निघालाय, ही गोळी जन्मभर घ्यायची आहे म्हणाल्या. त्यांना गोळीपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा जास्त त्रास होता. रोज उठलं की उपाशीपोटी गोळी, आणि मग अर्धा तास चहा नाही. सकाळचा पहिला चहा हा त्यांच्या दिवसातला एकमेव स्वतःचा वेळ. तोही या गोळीनं खाल्ला होता.

त्याच महिन्यात माझ्या हातात एक पुस्तिका आली होती. गळ्यावर थंड पट्टी आणि रोज थंड स्नान केलं की झोपलेली थायरॉइड ग्रंथी जागी होते, असं तिच्यात ठासून लिहिलं होतं. कुणी तपासलं, कसं तपासलं, काही नव्हतं. मी ते वाचून भारावलो होतो. अक्कांना मी जे वाक्य बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं, कारण ते मला स्वतःलाच फार आवडलं होतं. "बाहेरून रोज आयतं मिळालं, तर ती ग्रंथी कशाला काम करेल, अक्का? गोळी थांबवा, पाण्यानं तिला उठवू."

पहिले तीन आठवडे सगळं छान चाललं. अक्का उठल्या उठल्या चहा पिऊ लागल्या. पट्टी कोमट निघत होती. त्यांनी दहा जणींना सांगितलं, मी वीस जणांना सांगितलं. आमचे डॉक्टर येत त्या दिवशी मात्र मी अक्कांना बोलवत नसे. यावरूनच मला काय ते कळायला हवं होतं.

चौथ्या-पाचव्या आठवड्यात पट्टी गार निघायला लागली. आधी मला वाटलं, माझंच पिळणं कमी पडलं. मी जास्त जोर लावून पिळलं. मग वाटलं, वेळ कमी पडतो. पाऊण तासाचा एक तास केला. पट्टी गारच. माझ्या हाताला रोज समजत होतं आणि मी रोज त्याला गप्प करत होतो. आमच्या धंद्यात एक सोयीची समजूत आहे. उपचार सुरू केल्यावर त्रास वाढला, तर त्याला उभार म्हणायचं, म्हणजे आतला रोग बाहेर पडतोय. ही समजूत एकदा धरली की माणूस कधीच चुकत नाही. बरं वाटलं तर आपला गुण, वाईट वाटलं तर तोही आपलाच गुण.

मे महिना होता. सोलापूरचा मे बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. दुपारी दाराची कडीसुद्धा हातात धरवत नाही. त्या उन्हात अक्का अंगावर चादर घेऊन केंद्रात यायच्या. चेहरा सुजट झाला होता, आवाज जड, पुरुषी. बोलताना दोन शब्दांत अंतर पडायचं. एकदा त्यांनी शिवून आणलेल्या पट्ट्यांची शिलाई वाकडी निघाली. मी त्या सगळ्या उसवून परत शिवायला दिल्या.

"डॉक्टर, गोळी चालू करू का?" त्या दिवशी त्यांनी विचारलं. "लई गार वाटतंय की हो. हाडापतूर."

"इतकं आलात तर थोडं सोसा," मी म्हणालो. "आंघोळसुद्धा थंडच करा. गरम पाण्याचा एक तांब्याही नको. सगळं वाया जाईल."

त्यानंतर आठच दिवसांत अक्का मशीनवर डोकं टेकून झोपल्या आणि नीट जाग्या होईनात. शिवानंदनी रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. अंग गार, नाडी मंद. वेळेवर नेलं म्हणून वाचल्या. गोळी लगेच सुरू झाली. तिसऱ्या दिवशी मी शहाळं घेऊन भेटायला गेलो. बाहेर व्हरांड्यात तिथल्या डॉक्टरीणबाई भेटल्या. मी नात्यातला समजून त्यांनी मला समजावून सांगितलं. अक्कांची ग्रंथी झोपली नव्हती. रोगाशी लढणाऱ्या शरीराच्या स्वतःच्याच रक्षकांनी ती कायमची निकामी केली होती. तिला जे बनवता येत नाही, ते गोळी देते. पाण्यानं ते बनत नाही. पहिले तीन आठवडे बरे गेले ते अंगात आधीच्या गोळ्यांचा साठा शिल्लक होता म्हणून. आणि अंगातली भट्टीच विझत आलेल्या बाईला मी दीड महिना थंड पाण्यात ठेवत होतो.

खोलीत अक्का उशीला टेकून बसल्या होत्या. शेजारी शिवानंद आणि अक्कांच्या सासूबाई. मी बोलायला तोंड उघडणार तेवढ्यात अक्कांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"माझंच चुकलं, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मी चोरून गरम पान्यानं आंघोळ करत हुते. चार-पाच वेळा केली. सोसवंना झालं हुतं."

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. शिवानंद माझ्याकडे बघायला लागले. पथ्य मोडल्यामुळेच झालं का हे, एवढंच त्यांना माझ्या तोंडून ऐकायचं होतं. व्हरांड्यातलं बोलणं माझ्या कानांत अजून ताजं होतं. मी म्हणालो, "असू द्या, अक्का. झालं ते झालं. मनाला लावून घेऊ नका."

ही ती दुसरी गोष्ट. मी अक्कांना माफ केलं.

"बघ, किती मोठ्या मनाचा मानूस हाय," सासूबाई सुनेला म्हणाल्या. मी शहाळं ठेवून निघालो.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या डॉक्टरांना गोळीचं खरं सांगितलं. ते चिडले आणि चिडायलाच हवे होते. वर्षभर मला टबाच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. मी लेपाची माती चाळली आणि बाग शिंपली. त्यानंतर केंद्रात नियम झाला की, नवीन माणसाला पहिला प्रश्न, कुठल्या गोळ्या चालू आहेत, आणि रोजचा पहिला प्रश्न, आज गोळी घेतली का. तो रोजचा प्रश्न मीच विचारतो. लोक मला हसतात. एका आजोबांनी तर पाळतीवरचा माणूस असं नावच ठेवलं आहे. ती शिक्षा भोगल्यावर आपला हिशेब मिटला, अशी मी स्वतःची समजूत घातली. अक्का बऱ्या झाल्याचं कानावर येत होतं. पट्ट्या अजूनही त्यांच्याकडूनच शिवून यायच्या, शिलाई पुन्हा रेघेसारखी सरळ. आणायला मी दुसऱ्या कुणाला तरी पाठवायचो. अशी सात वर्षं गेली.

अलीकडे मोबाइलवर थंड पाण्याची लाट आली आहे. बर्फाच्या टबात गळ्यापर्यंत बसलेला कुणी हसरा माणूस, आणि खाली आजारांची यादी. त्यात थायरॉइड असतोच. माझी ती जुनी पुस्तिका जणू आता बोलायला लागली आहे. यंदा जानेवारीतली गड्ड्याची जत्रा संपता संपता पंचविशीची एक मुलगी असाच व्हिडिओ घेऊन आली. नाव रेणुका. नुकताच थायरॉइड निघाला होता. मी माझा पहिला प्रश्न विचारला.

"गोळी सोडली मी. चार दिवस झाले," ती म्हणाली. "मला गळ्याची पट्टी आन् हे बर्फाचं पायजे."

मी सांगितलं, गोळी उद्या सकाळपासून परत सुरू कर, मग बाकीचं बोलू. पाण्यानं थायरॉइड बरा होत नाही. तिनं माझ्याकडे संशयानं पाहिलं.

"माझ्या मावशीला तुमीच दिलं हुतं की. महादेवीमावशी. तिनं पथ्य मोडलं म्हणून वाया गेलं. मी न्हाय मोडणार."

"कोण म्हणतं असं?"

"मावशीच म्हणती. अजून थंड पान्यानंच आंघोळ करती ती. गोळी घेती, पन गरम पान्याला शिवत न्हाय. तिची सासू तर बंबाकडं बघितलं तरी टोमना मारती, की घे अजून एक तांब्या, पाड परत दवाखान्यात."

सात वर्षं. मी रेणुकाला सांगितलं की मावशीचं चुकलं नव्हतं, माझं चुकलं होतं. ती म्हणाली, "मग मावशी खोटं बोलती व्हय? मी तुमचं ऐकू का तिचं?" तिचं बरोबर होतं. माझ्या बाजूनं बोलायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं, आणि माझ्या विरुद्ध अक्का स्वतः उभ्या होत्या, माझ्यावरच्या विश्वासानं.

त्या रविवारी सकाळी मी रेणुकाला घेऊन अक्कांकडे गेलो. रेणुकानं त्या भेटीच्या दुसऱ्याच दिवसापासून गोळी सुरू केली आणि आता तिची तब्येत उत्तम आहे, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर नको. हल्ली ती शनिवारी कटिस्नानाला येते आणि दारातूनच ओरडते, "घेतली हो, घेतली."

खिडकीपाशी शिलाई मशीन होतं. सासूबाई खाली बसून चटणीसाठी शेंगा फोडत होत्या. अक्का उठून म्हणाल्या, "या डॉक्टर. किती वर्सांनी." चेहरा छान दिसत होता. केस ओले होते आणि बोटं थंडीनं निळसर. जानेवारीतली सकाळ होती.

मी वाटेत बरंच जुळवून ठेवलं होतं. तोंडातून मात्र आपण सगळे म्हणतो तेच आलं, "अक्का, माझं काही चुकलं असेल तर..." आणि मला माझीच लाज वाटली. असेल तर, कसलं. मी थांबलो. पाण्याचा तांब्या दिला होता, त्यातले दोन घोट प्यायलो आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

"मी डॉक्टर नाही, अक्का. कधीच नव्हतो. तुमची गोळी मी माझ्या मनानं बंद केली. आमच्या डॉक्टरांनी मला तसं करू नको म्हणून बजावलं होतं. पट्टी गार निघत होती, तेव्हा थांबायला हवं हे मला माहीत होतं. मी थांबलो नाही. गोळी थांबल्यामुळे तुम्ही आजारी पडलात. गरम पाण्यामुळे नाही."

सासूबाईंचा हात शेंगांच्या सुपात तसाच राहिला.

"मी चोरून घेतलं हुतं की," अक्का म्हणाल्या. त्यांना ते सोडवत नव्हतं. "चार-पाच वेळा."

"चांगलं केलंत. तेवढंच त्या दिवसांत तुमच्यासाठी कुणी काही बरं केलं."

अक्का मशीनचं चाक हातानं थोडं पुढे, थोडं मागे करत होत्या.

"म्हंजे दवाखान्यात तुमाला ठावं हुतं?"

"हो. तुमच्या खोलीत यायच्या आधी पाचच मिनिटं कळलं होतं."

"आन् तुमी म्हनालात, असू द्या."

"हो."

"सात हिवाळे काढले की मी," त्या हळू म्हणाल्या. राग नव्हता. मोजत असल्यासारखं म्हणाल्या. "लई गार असतंय हो पानी."

तेवढ्यात सासूबाईंनी सूप बाजूला सारलं आणि रेणुकाकडे वळून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाल्या. मला त्यातलं 'बिसि नीर' एवढंच कळलं, गरम पाणी. रेणुका उठून मोरीकडे गेली. सुनेकडे मात्र म्हातारीनं बघितलं नाही. पुन्हा सूप ओढून शेंगा फोडायला लागल्या, पण टरफलंच दाण्यांत टाकत होत्या.

"आत्ताच न्हाले की अत्ती मी," अक्का म्हणाल्या.

"परत न्हा," सासूबाई म्हणाल्या.

अक्का हसल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या, मी अजून का बसलोय अशा नजरेनं. आतून बंबाचं झाकण वाजलं. मी उठून उभा राहिलो, हात जोडले, आणि जे दवाखान्यात त्यांना म्हणू दिलं ते सात वर्षांनी माझ्या तोंडानं म्हणालो.

"माझंच चुकलं, अक्का. मला माफ करा."